ते तिथे ठेव

दिवाळीतला किल्ला करायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. माती लागते, चार विटा लागतात, जुनं गोणपाट लागतं, हिरवळीसाठी आधी पेरून ठेवलेले अळीव लागतात, आणि 'अरे, बुरूज कलतोय, खाली दगड लाव' असं ओरडून सांगणारं एखादं मोठं माणूस लागतं. एवढ्या भांडवलावर महाराष्ट्रातल्या पोरांनी अंगणाअंगणांत रायगड, प्रतापगड आणि सिंधुदुर्ग उभे केले. आता तोच किल्ला कॉम्प्युटरवरच्या त्रिमित जगात उभा करायला बसा. पहिल्या पाच मिनिटांत एक्स, वाय आणि झेड असे तीन अक्ष भेटतील, दहाव्या मिनिटाला बुरूज जमिनीपासून वीतभर वर तरंगत असेल, आणि दरवाजा उघडता-मिटता करायचा म्हटलात तर कोड लिहायची खिडकी उघडेल.

माझं म्हणणं सरळ आहे. हा दोष किल्ला करणाऱ्याचा नाही, साधनाचा आहे. आणि अशी साधनं लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या, विकणाऱ्या कंपन्यांमध्ये हे पान वाचणारे बरेच जण नोकरीला आहेत. म्हणून हे तुम्हालाच उद्देशून लिहिते आहे.

टेक्सासात मागचं अंगण बाळगून असलेल्यांनी विचारावं, 'किल्ला पडद्यावर कशाला करायचा? मातीचाच करा की!' जर्सी सिटीत न्यूपोर्टला किंवा जर्नल स्क्वेअरला विसाव्या मजल्यावर राहणाऱ्याकडे माती नसते. नेवार्क ॲव्हेन्यूवर दिवाळीच्या दिवसांत पणत्या मिळतात, रांगोळीचे रंग मिळतात, फराळ तर तयारच मिळतो. किल्ल्याला लागणारी चार हात जमीन मात्र मिळत नाही. भाड्याच्या घरातल्या कार्पेटवर चिखल कालवला तर डिपॉझिट परत येणार नाही. शिवाय प्रश्न एकट्या जागेचा नाही. ज्या आजीला किल्ला करता येतो ती सांगलीत किंवा चिपळुणात असते, ज्या नातवाला करायचाय तो इथे असतो, आणि मध्ये समुद्र आणि साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर असतं. दोघांनी एकाच किल्ल्याला हात लावायचा, तर ती जागा आज फक्त पडद्यातच असू शकते.

पण प्रत्यक्षात काय होतं? आजी व्हिडिओ कॉलवर बोलते आणि नातू माउस हलवतो. थोड्या वेळाने भिंत भिंतीत घुसते, म्हणून बाबा लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतो. आणखी थोड्या वेळाने बाबा आणि नातू कशावरून तरी इंग्रजीत वाद घालू लागतात, आणि पलीकडून आवाज येतो, 'बरं, चालू दे तुमचं.' या 'चालू दे तुमचं'वर माझा राग आहे. आजीवर नाही. ज्याने हे साधन केलं आणि 'वापरायला सोपं' असं त्याच्यावर लिहिलं, त्याच्यावर.

आजीला हे जमत नाही याचं कारण 'तिला टेक्नॉलॉजी कळत नाही' असं आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. जरा तपासून पाहू या. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला 'अकरा ते सहा' एवढं सांगा. मधली ओळ ११ ठिपक्यांची, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी, प्रत्येक ठिपका आधीच्या दोघांच्या मधोमध, ६ आले की थांब. दोन आकड्यांत तिने षटकोनी जाळी उभी केली, आणि तीही उकिडवं बसून, चिमटीतून रांगोळी सोडत. तुमच्या ऑफिसात याला पॅरामीटर, लूप आणि थांबण्याची अट म्हणतात, आणि ते येण्याचे पगार मिळतात. म्हणजे पद्धतशीर विचार तिला येतो. तुमच्या साधनाला तिची भाषा येत नाही, एवढाच फरक आहे.

ही भाषा यंत्राला शिकवता येते हे आपल्याला कधीपासून माहीत आहे? १९८० पासून. त्या वर्षी एमआयटीमध्ये रिचर्ड बोल्ट यांनी एका प्रयोगावर निबंध प्रसिद्ध केला. भिंतीएवढ्या पडद्यासमोर एक माणूस खुर्चीत बसलेला, मनगटावर सेन्सर, समोर रंगीत चौकोन आणि वर्तुळं. तो बोट दाखवून म्हणायचा 'ते', मग बोट दुसरीकडे नेऊन म्हणायचा 'तिथे ठेव', आणि चौकोन तिथे जायचा. निबंधाचं नावच 'पुट दॅट देअर' होतं. ते तिथे ठेव! आपल्या घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाने रोज दहादा उच्चारलेलं वाक्य. तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, बेन श्नायडरमन यांनी 'डायरेक्ट मॅनिप्युलेशन' या नावाने त्यामागचं तत्त्व मांडलं. वस्तू सतत डोळ्यांसमोर असावी, तिला थेट हात लावता यावा, केलेला बदल लगेच दिसावा आणि लगेच मागे घेता यावा. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ हे ज्ञान आपल्या खिशात आहे. तरीही पडद्यावरचा तुळशीचा कट्टा हातभर सरकवायला नातवाच्या बाबाला बोलवावं लागतं.

अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू, नाहीतर हे नुसतं कुरकुरणं होईल.

पहिली अडचण दिशांची. माणूस 'वर' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आकाश असतं. युनिटीमध्ये वर म्हणजे वाय. ब्लेंडरमध्ये वर म्हणजे झेड. अनरिअलमध्येही झेड, पण तिथे उजव्या-डाव्याचा हिशोब ब्लेंडरच्या उलटा. एकात केलेला बुरूज दुसऱ्यात आणला की तो आडवा झोपलेला सापडणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट. आपण प्रोग्रॅमर ते हसून सोडून देतो आणि नव्वद अंशांनी फिरवून घेतो. पहिल्यांदाच आलेला माणूस समजतो, आपणच काहीतरी बिघडवलं.

दुसरी अडचण फिरवण्याची. वस्तू सरकवणं त्यातल्या त्यात सोपं; फिरवणं भल्याभल्यांना घाम फोडतं. त्रिमितीतल्या फिरण्याचा हिशोब यंत्राच्या आत बहुधा चार आकड्यांच्या एका गणिती रचनेत ठेवलेला असतो. ती हॅमिल्टन यांना १८४३ मध्ये डब्लिनमध्ये एका पुलाजवळून जाताना सुचली. गणित अतिशय सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की पोटात काय आहे ते ताटात का वाढता?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे सेकंड लाइफमधला दरवाजा. सेकंड लाइफ हे आभासी जग २००३ मध्ये सुरू झालं, आणि त्यात एक फार चांगली गोष्ट होती. त्या जगात उभं राहूनच, जमिनीवर क्लिक करून, कुणालाही प्लायवूडचा ठोकळा निर्माण करता यायचा. तो ताणा, दाबा, दुसऱ्याला जोडा. प्रोग्रॅमर नसलेल्या लोकांनी त्यातून घरं, देवळं, नाट्यगृहं बांधली. मग कुणाला वाटलं, दार उघडावं. दार उघडायचं तर कोड लिहायचा. कोडमध्ये अंशांचे रेडियन करायचे, त्याचे ते चार आकडे करायचे. आणि एवढं करून दार फिरायचं ते स्वतःच्या मध्यावर, हॉटेलातल्या फिरत्या दारासारखं! मग लोकांनी एक शक्कल काढली. दुप्पट रुंद ठोकळा घ्यायचा आणि त्याचा अर्धा भाग कापून नाहीसा करायचा, म्हणजे उरलेल्या अर्ध्याची कड मध्यावर येते आणि दार दारासारखं उघडतं. युक्ती म्हणून शाबासकी द्यावी अशीच आहे. पण विचार करा, कोणत्याही सुताराला एका शब्दात सांगता येणारी गोष्ट होती ती. बिजागरी! दाराला बिजागरी कुठे आहे एवढंच विचारणारं एक बटण दिलं असतं, तर हजारो लोकांना अर्धं दार कापायला शिकावं लागलं नसतं.

आणि मग २०११ मध्ये त्याच जगात बाहेरून तयार करून आणलेले त्रिमित नमुने घ्यायची सोय झाली. देखणेपणा वाढला हे खरं. पण देखणं ते सगळं ब्लेंडर किंवा माया येणाऱ्यांच्या हातचं होऊ लागलं, आणि आत उभं राहून ठोकळे जोडणाऱ्याचं काम त्याच्या शेजारी बावळट दिसू लागलं. माझ्या मते आभासी जगांचा घात इथे झाला. बांधणारा गेला आणि गिऱ्हाईक आलं.

आता तुम्ही म्हणाल, यात मराठी माणसाचं काय एवढं अडलंय? सांगते.

रायगडाचा महादरवाजा आठवा. तो समोरून दिसत नाही. दोन बुरुजांच्या आडून वाट वळत आत जाते आणि अगदी जवळ गेल्यावर दार सापडतं. याला आपण गोमुखी रचना म्हणतो. शत्रूला हत्ती पळवत आणून दारावर धडक देता येऊ नये हा त्यातला हिशोब. मातीचा किल्ला करताना हे कुणीतरी मोठं माणूस सांगतं, पोरगं भिंत बोटांनी वाकवतं, आणि एक गोष्ट त्याच्या हातात कायमची राहते. आता त्रिमित वस्तूंच्या तयार संग्रहात 'किल्ला' शोधा. काय मिळतं? टोकदार छपरांचे मनोरे, खंदक, साखळ्यांवरचा उचलता पूल, मनोऱ्यावर झेंडा. युरोपातला किल्ला. तो ओढून आणून सोडणं सोपं आहे. त्याची भिंत वाकवून गोमुख करणं अवघड आहे. मग पोरगं काय करेल? तोच मनोरा ठेवेल आणि वर भगवा लावेल. मंडळाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळेल, कारण परीक्षकाला दुसरं काही बघायला मिळालेलं नसेल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आपण इथे व्हॉट्सॲपवर अभिमानाचे संदेश फिरवले. ते किल्ले त्या यादीत कशासाठी गेले? डोंगर, बेट, किनारा जसा असेल तशी तटबंदी वळवण्याच्या अकलेसाठी. आणि आपल्या मुलांच्या हातात आपण जी साधनं देतो त्यांत नेमकं तटबंदी वळवणंच जमत नाही. साधन निरागस नसतं. जे करायला सोपं ठेवलंय तेच लोक करतात, आणि काही वर्षांनी तेच खरं वाटू लागतं. जाणणाऱ्याला बांधता येत नाही आणि बांधणाऱ्याला जाण नाही, ही फट भरली नाही तर आपली आठवण तयार संग्रहातल्या सामानाची बनेल.

या मुद्द्यावर मला नेहमी मिळणारी उत्तरं पाठ झाली आहेत. एकेक घेते.

'मग कोडिंग शिकावं. आजच्या काळातली साक्षरताच आहे ती.' हे आपल्या लोकांचं आवडतं उत्तर, कारण आपलं पोट त्यावर भरलं, आणि आपल्या मुलांचा शनिवार आपण त्यालाच वाहिला आहे. शिकावं, जरूर शिकावं. पण १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आलं तेव्हा डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी हिशोबनिसांना 'आधी प्रोग्रॅमिंग शिका' म्हटलं नाही. हिशोबनिसांना ओळखीच्या असलेल्या ओळी आणि रकाने त्यांनी पडद्यावर आणले. एका चौकटीतला आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते. आज आपल्या मंडळांचे खजिनदार अशाच तक्त्यांत सूत्रं लिहितात. तो प्रोग्रॅमच असतो, पण त्यांना तसं कुणी म्हणत नाही, आणि ते घाबरतही नाहीत. तिथे साधन माणसाकडे चालत आलं. इथे माणसाने साधनाकडे चालत जावं असा हट्ट का?

'सोपं केलं की ते खेळणं होतं, खरं काम होत नाही.' २००० साली आलेल्या सिम्समध्ये लोकांनी चौकटीच्या जमिनीवर घरं मांडली; खुर्ची चौकटीत बसायची आणि ठरावीक दिशांनाच वळायची, म्हणून ती कधी भिंतीत घुसली नाही. माइनक्राफ्टच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. त्यात पहिला ठोकळा ठेवायला काही सेकंद लागतात, आणि त्याच ठोकळ्यांतून तारा जोडून लोक गणनयंत्रंही बांधतात. सिमोर पेपर्ट मुलांच्या भाषेबद्दल हेच सांगत, की उंबरठा बुटका हवा आणि छत उंच. माइनक्राफ्टला मर्यादा आहेच. त्यातला गोल बुरूज पायऱ्यापायऱ्यांचा होतो. पण उंबरठा बुटका ठेवल्याने छत खाली येतं, हे मात्र त्याने खोटं पाडलं.

'आता एआय आहे. बोललं की होईल.' हे नवं उत्तर, आणि सगळ्यात फसवं. 'रायगड कर' म्हटलं की यंत्र काहीतरी करून देईल हे मान्य. पण ते काहीतरी कशातून येणार? त्याच टोकदार मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यातून येण्याची भीती जास्त. मग आजी म्हणणार, 'अशी नाही रे वाट, जरा अलीकडून वळव.' त्या क्षणी तिला बोट लावता आलं पाहिजे. आख्खा किल्ला नव्याने बनवून देणाऱ्या यंत्राला 'जरा' या शब्दाचा अर्थ कळत नाही. बोल्ट यांच्या प्रयोगात म्हणूनच नुसतं बोलणं नव्हतं, बोटही होतं. बोलणं आणि हात लावणं दोन्ही लागतं. एक देऊन दुसरं काढून घेणं म्हणजे सोय नव्हे.

'आभासी जगं बुडाली, कुठे त्यांच्या नादी लागता?' खरं आहे, २०२३ च्या मार्चमध्ये ऑल्टस्पेस बंद झालं, २०२४ च्या मेअखेरीस मोझिलाने हब्ज चालवणं थांबवलं. फेसबुकने २०२१ मध्ये नाव बदलून केवढा गाजावाजा केला होता, तेही आठवतं. पण ज्या जगात सामान्य माणसाला बघे म्हणून बोलावलं जातं तिथून तो एका फेरीत परत जातो, हे माझं त्यावरचं उत्तर. त्याने स्वतः लावलेलं झाड तिथे असतं तर तो परत आला असता. आणि यातून आणखी एक धडा घ्यायचा. बांधलेलं उचलून दुसरीकडे नेता आलं पाहिजे. हब्जचा कोड खुला होता म्हणून मोझिलानंतरही तो लोकांना स्वतः चालवता येतो. वस्तू जीएलटीएफसारख्या खुल्या स्वरूपात ठेवल्या तर एक कंपनी बसली म्हणून आजीचा किल्ला पाडला जाणार नाही.

आता मागणी काय ते स्पष्ट मांडते. गुळमुळीत 'सोपं करा' नाही.

एक. आकडे नकोत, नाती द्या. मराठीत वस्तू हाताळण्याचे शब्द किती नेमके आहेत पाहा: टेकव, रेल, पालथं घाल, उताणं कर, आडवं ठेव, तिरपं कर, खेटून लाव, रांगेत लाव, मधोमध आण. 'टेकव' या एका शब्दात दोन पृष्ठभागांनी एकमेकांना शिवावं आणि आरपार जाऊ नये अशा दोन अटी आहेत. 'पालथं घाल' म्हणजे अर्धा फेरा आणि तोंड जमिनीला. ही कविता नाही, ही तयार आज्ञावली आहे. आणि शब्दांनी फरक पडतो हे कार्नेगी मेलनमधल्या रँडी पॉश यांच्या ॲलिस प्रकल्पाने दाखवून दिलं. नवशिक्यांना बघून त्यांनी एक्स-वाय-झेड काढून टाकले आणि पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली असे शब्द ठेवले. कोनांच्या ऐवजी पाव फेरा, अर्धा फेरा. प्रोग्रॅमरांचा 'ट्रान्सलेट' हा शब्दही त्यांनी टाकला, कारण सामान्य माणसाला त्यावरून भाषांतर आठवतं, सरकवणं नव्हे.

दोन. वस्तू आपसूक जमिनीवर बसू द्या. तरंगणं हवं असेल तर ते मुद्दाम मागावं लागावं. फिरवताना आधी एकच मूठ द्या, उभ्या अक्षाभोवतीची. कुंभाराच्या चाकासारखी. बाकीचे दोन अक्ष मागेल त्याला.

तीन. कापऱ्या हाताचा विचार करा. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मांडून ठेवलंय, की लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका हाताला वेळ लागतो. केसाएवढ्या लाल-हिरव्या-निळ्या बाणांना नेमकं पकडायला सत्तरीतल्या माणसाला सांगणं हे उद्धटपणाचं आहे. बाण जाड करा. आणि चूक परतवण्याचं बटण सगळ्यात मोठं ठेवा. मातीत चूक झाली तर बोटाने पुसता येते, म्हणून तर मातीची भीती वाटत नाही.

चार. वागणूक सांगायला 'जेव्हा–तेव्हा' द्या. 'जेव्हा कुणी दाराला हात लावेल, तेव्हा नगारा वाजेल.' 'जो मावळा तोफेजवळ जाईल, तो थांबेल.' ही जोडवाक्यं मराठी मूल शाळेत जायच्या आधी बोलतं. पडद्यावर दोन चौकटी द्या, एक जेव्हाची, एक तेव्हाची. स्क्रॅचने २००७ पासून मुलांना ठोकळे जोडून असंच लिहायला शिकवलं, आणि त्याच एमआयटीतल्या एरिक रोझेनबॉम यांनी स्क्रॅचच्या ठोकळ्यांतून सेकंड लाइफचा कोड निघेल असं साधनही केलं होतं. म्हणजे रस्ता कुणीतरी चालून दाखवलाय.

पाच. देवनागरी धड दाखवा. युनिटीमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेल्या टेक्स्टमेशप्रोमध्ये 'शिवनेरी' टाका. पहिली वेलांटी श च्या डोक्यावरून निघून व च्या गळ्यात पडते. 'प्रतापगड'मधला प्र फुटून पाय मोडका प आणि शेजारी र असा दिसतो. अक्षरं जुळवण्याचं काम करणारं हार्फबझ हे खुलं साधन उपलब्ध आहे, २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ ने ते आत घेतलं, आणि तिथे मराठी नीट उमटते. म्हणजे हे अशक्य नाही. फक्त कुणाच्या यादीत ते वर नाही. ती यादी ज्या मीटिंगमध्ये ठरते त्यात आपली माणसं बसलेली असतात. वेलांटीसाठी तोंड उघडायला तिथे कोण येणार, पुण्याहून?

यावर 'हे माझ्या हातात नाही, मी तर बँकेचं बॅकएंड बघते' असं म्हणाल. ठीक. पण मंडळाच्या स्पर्धेचे नियम तुमच्या हातात आहेत. मराठी शाळेत कोणतं साधन वापरायचं ते तुमच्या हातात आहे. पुढच्या वेळी त्रिमित किल्ल्याची स्पर्धा ठेवाल तेव्हा एकच अट घाला, की किल्ल्याला साठीच्या पुढच्या एका माणसाने स्वतः हात लावलेला असला पाहिजे. नुसतं सांगितलेलं चालणार नाही, स्वतः लावलेला. मग बघा, कोणतं साधन उरतं. जे उरेल ते वापरा, आणि जे गळेल त्याच्या कर्त्यांना कळवा की का गळलं.

आणि जे खरोखर अशी साधनं लिहितात त्यांनी या दिवाळीच्या आधी एक तास काढावा. सासूबाई, वडील, मावशी, कुणीही. त्यांच्यासमोर आपलं साधन उघडून ठेवायचं, 'एक तुळशीवृंदावन अंगणात मधोमध ठेवा' म्हणायचं आणि हात पाठीमागे बांधून गप्प बसायचं. माउस ओढून घ्यायचा नाही. 'असं नाही, तसं' म्हणायचं नाही. त्या कुठे थांबतात, कुठे सुस्कारा टाकतात, काय पुटपुटतात ते कागदावर लिहून घ्यायचं. त्या शेवटी 'चालू दे तुमचं' म्हणाल्या तर तेही लिहायचं, तारखेसकट. तो कागद म्हणजे तुमच्या पुढच्या सहा महिन्यांच्या कामाची यादी. ती सोमवारी ऑफिसात घेऊन जा.